भरलीला वाट

तलवाड्याच्या विहिरीच्या पायऱ्या एका बाईपुरत्याच रुंद. उसाअभावी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं नाही त्या दुष्काळात तुळजाबाईनं लेकीला, शिवकन्येला, तिथंच शिकवलं होतं, भरली घागर वर येताना दिसली की रिकामीनं भिंतीला चिकटून वाट द्यायची.

आज मुंबईत विमानतळाच्या नियंत्रण कक्षात रडारसमोर बसलेल्या शिवकन्येला दोन विमानं एकाच उंचीवर समोरासमोर येताना दिसली. रेडिओवर आवाज न चढवता तिनं एकाला वर घेतलं, दुसऱ्याला खाली. संध्याकाळी फोनवर तिनं आईला सगळं सांगितलं.

"त्यातलं भरलेलं कंचं व्हतं गं?" तुळजाबाईनं विचारलं.

"दोन्ही भरलेली, आये."

"मंग? सांडलं का काई?"

"न्हाई आये. थेंबसुदिक न्हाई."