कोरडे खाचर

खोरेझम प्रांतातील मतकरीम या शेतकऱ्याने यंदा रोपांची लावणी न करता मोड आलेले भाताचे बी थेट चिखलात फेकले होते. कोंबांची मुळे मातीत घट्ट रुजावीत, यास्तव चार दिवस खाचरात पाणी साचू देणे इष्ट नव्हते; अन्यथा सर्व कोंब सुटून तरंगले असते, आणि पुन्हा पेरण्यास घरात मूठभरही बी शिल्लक नव्हते.

तिसऱ्या सकाळी पाहतो तो खाचर काठोकाठ भरलेले! बांधावर कालव्याचे पाणी वाटणारा मीराब, रोझमत, फावडे टेकून ऐटीत उभा होता.

"आका," मतकरीमने त्या वडीलधाऱ्याला विचारले, "हे पाणी कुणी सोडलं?"

"मी! केवढा रे मानी तू! खाचराला भेगा पडायची वेळ आली, तरी मागायला तोंड उघडलं नाहीस. सातही शेजाऱ्यांनी आपापली पाण्याची पाळी तुला दिलीय. ते बघ, गरम नान घेऊन निघालेसुद्धा!"

कोवळे कोंब एव्हाना वाहत वाहत कोपऱ्यात जमू लागले होते. मतकरीमच्या ओठांवर आलेली शिवी तेथेच थिजली.

 

शेजारी बांधावर पोहोचताच त्याने छातीवर हात ठेवला, मान लवविली आणि सातही जणांचे, एकेकाचे नाव घेऊन, आभार मानले.