तेरावी ओळ

कारकुनाच्या तोंडाला फेस लावून झाला, मान मागे टेकली, वस्तरा कानाखाली आला, आणि नेमका तेव्हाच बाकावरचा टेम्पो ड्रायव्हर ओरडला, "बारा लाख! बंदुकीच्या बारा लाख गोळ्या घेतंय वनखातं! पेपरात आलंय, हे बघा!"

आता गळ्याशी वस्तरा असताना माणूस बोलणार काय? कारकून नुसता "हं हं" करत राहिला. आणि खरेदीची ती जाहिरात तर त्यानेच टाइप केलेली! वनखात्याच्या खरेदी शाखेत बसून, सोमवारी, स्वतःच्या दहा बोटांनी.

"जंगलात जनावरं किती असतील?" ड्रायव्हर म्हणाला. "चार हजार धरा. सशांसकट. मग उरलेल्या गोळ्या कुणाला?"

"कुणाला म्हणजे? माणसांना." न्हाव्याने वस्तरा पुसला आणि कोपऱ्यात बघितलं. तिथे त्याची मुलगी बसली होती. पायाशी बॅग, हातात पत्र. वनरक्षक म्हणून तिची निवड झालेली. आज संध्याकाळी पाचच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नाव कटणार आणि यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणं जाणार. साडेदहाची गाडी शेवटची. सव्वादहा वाजले होते, आणि सकाळपासून बापलेकीचं तेच ते चाललं होतं.

"जंगलाकाठच्या वस्त्या उठवायच्यात त्यांना," न्हावी म्हणाला. "हिची आत्या तिथंच राहते. उद्या हिच्या हातात बंदूक देतील आणि म्हणतील, रोख आत्याच्या दारावर."

"बाबा, असं कुठं लिहिलंय पत्रात?"

"असलं कुणी पत्रात लिहितं होय गं? नाही जायचं म्हटलं ना, नाही जायचं."

मग मात्र कारकुनाला राहवेना. त्याने न्हाव्याचा हात बाजूला सारला आणि उठून बसला. अर्धा गाल गुळगुळीत, अर्ध्यावर फेस.

"अहो दादा, सरावाच्या गोळ्या आहेत त्या! आठशे वनरक्षक. नेमबाजीच्या सरावाला प्रत्येकाला वर्षाला तीनशे. आणि खरेदी पाच वर्षांची. करा ना हिशोब!"

ड्रायव्हरने फोनवर केला. बरोबर बारा लाख. क्षणभर त्याचं तोंडच उतरलं.

"मग हे 'सराव', 'पाच वर्षं' कुठाय?" न्हाव्याने पेपर कारकुनाच्या मांडीवर टाकला. "मी चारदा वाचलंय. दाखवा."

कारकुनाने बोट फिरवलं. एक, दोन, तीन... बारा ओळी. आणि त्याला आठवलं. पेपरवाल्याचा फोन आला होता, चौकटीत बाराच ओळी बसतात, तुमची एक जास्त होतेय. दोन वाजले होते, डबा उघडून ठेवलेला. त्याने शेवटची काढून टाकली. सराव तर असतोच, ते काय कुणाला सांगायला हवं?

मुलगी त्याच्याकडेच बघत होती. डोळे एवढे मोठे करून.

खोटं बोलावं असं त्याला वाटलंही असेल. पण तो म्हणाला, "होती ती ओळ. तेरावी. मीच काढली."

ड्रायव्हर टुणकन उठला. "ऐकलंत? साहेब स्वतःच्या तोंडाने सांगतायत, ओळ काढली!" आणि त्याने फोन पुढे धरला. "परत म्हणा ना, साहेब. जरा इकडे बघून."

"अरे, जागा नव्हती म्हणून काढली!"

"असंच सांगायला सांगतात वरून," ड्रायव्हर अगदी प्रेमाने म्हणाला. "तुमचा काय दोष?"

कारकुनाचं डोकंच फिरलं. खिशातून पेन काढून त्याने बाराव्या ओळीखाली खसाखसा लिहिलं. सरावासाठी, पाच वर्षांत, गरजेप्रमाणे. फेसाचा एक ठिपका अक्षरांवर पडला. पेपर त्याने न्हाव्यापुढे धरला.

न्हाव्याने वाचलं. सावकाश, ओठ हलवत.

"हे तुम्ही आत्ता लिहिलंत," तो म्हणाला. "छापलंय ते बारा ओळींचंच."

"काका," मुलगी पहिल्यांदाच कारकुनाशी बोलली, "परत छापता येईल ना? तेरा ओळींचं?"

"येईल की! शुद्धिपत्रक काढतो. आजच फाइल टाकतो."

"मग छापून कधी येईल?"

कारकुनाने हातातल्या पेनाकडे बघितलं. "तीन सह्या लागतात. पंधरा दिवस तरी."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा. मग जरा लांबवून पुन्हा.

न्हाव्याने कारकुनाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हळूच मागे टेकवलं. रागाने नाही हां, अगदी हलक्या हाताने, इतकी वर्षं टेकवत आला तसंच.

"बसा साहेब. अर्धी दाढी राहिलीय. फेस वाळला." मग मागे न बघताच म्हणाला, "पाणी आण गं जरा."

मुलगी उठली. तिने पत्र बाकावर ठेवलं, उडू नये म्हणून वर पावडरचा डबा ठेवला आणि वाटी घेऊन आत गेली. आरशात साडेदहाची गाडी या कडेकडून त्या कडेला गेली.