ताजा म्हावरा

ऐरोलीच्या बाजारात मासे विकणाऱ्या शांतीने एका गिऱ्हाइकाला असं काही झापलं, की तो व्हिडिओ घरोघरी पोचला आणि जाहिरातीत तसंच झापणं हवं म्हणून मसाल्याची एक कंपनी कॅमेरा घेऊन थेट तिच्या पाटीपुढे आली. पण कॅमेरा सुरू झाला की शांतीच्या तोंडात साखर. “घ्या ना साहेब.” अख्खा बाजार बघत होता, तिला रडूच यायचं बाकी होतं.

“राहू द्या मावशी,” दिग्दर्शक हळूच म्हणाला, “तसंही पापलेट शिळंच दिसतंय.”

“शिला? तुजं डोलं शिलं! सकालचा ताजा म्हावरा हाय माजा!”

“ओके! एकदम ओके!” तो उड्या मारत ओरडला.

शांतीने पापलेट त्याच्या नाकाला लावलं. “ओके नंतर बोल. पयला वास घे!”

जाहिरातीत आता शेवटी दिग्दर्शकाचंच नाक दिसतं.