राणीचं तान्हं

नाटकातली राणी शेवटी आपलं तान्हं बाळ विहिरीत टाकते. राणी मी. विहीर म्हणजे रंगमंचाच्या फळ्या काढून केलेला खोल खड्डा, बाळ म्हणजे कापडी बाहुली आणि रडणं स्पीकरमधलं. प्रेक्षक हुंदके देतात, मला मात्र कधी पान्हा फुटत नाही. आईच्या अंगाला आपलं लेकरू बरोबर कळतं, त्याला कोण फसवणार?

आज बाहुली उचलली आणि पान्हा फुटला.

विंगेत नणंद माझ्या लेकाला मांडीवर घेऊन बसली होती. हसत हसत तिनं त्याचा हात मला हलवून दाखवला. सोडताच तो चिंधीसारखा लोंबला.

माझ्या छातीशी काहीतरी चुळबुळलं.

"टाक ना वहिनी," नणंद कुजबुजली, "लोक खोळंबलेत. आणि तुझा लेक बघ, आज कसा शहाण्यासारखा पडलाय. रडतसुद्धा नाही."