रद्द झालेली चाळीस वर्षं

वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, म्हणून गिरजाबाई तुरुंगाच्या दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. बावीस वर्षांच्या, कोवळ्या पालवीसारख्या लेकावरून तो ओवाळून टाकायचा होता.

दारातून एक म्हातारा काठी टेकत आला. वडीलधारं माणूस बघून तिने डोक्यावर पदर घेतला.

"बाबा, माझा सुभाना दिसला का हो आत?"

"आये, मीच गं."

खालच्या कोर्टाने सुनावलेली चाळीस वर्षं निकालाच्याच दुपारी एका सुईने त्याच्या अंगात भरली होती.

"मग आता काढून घ्या की ती!" ती शिपायावर ओरडली.

"मावशी, वरचं कोर्ट निकाल फिरवतं. वय कसं फिरवणार?"

सुभाना पाया पडू गेला, पण गुडघे वाकेनात.

"उदंड आयुष्याचा..." सवयीने तिच्या तोंडून गेलं, आणि भाकरतुकडा हातातच राहिला.