खिंडीपर्यंतचं दूध

बाल्दनने तपकिरीची कुपी पुढे केली आणि नोरोव दोन्ही हात बाह्यांत ओढून उभी राहिली.

तेही मठाच्या फाटकात, चारचौघांदेखत. तपकीर नाकारायची म्हणजे माणसाच्या तोंडावर थुंकायचंच बाकी ठेवायचं. पण खारखोरिन गावच्या जुन्या माणसांना त्याचं नवल नव्हतं. बाल्दनचा बाप दाश यानेच नोरोवच्या वडिलांचा घात केला, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. म्हणजे नोरोवची आई देजिद तसं सांगत आली होती, आणि ऐन तारुण्यात नवरा गमावलेल्या बाईच्या शब्दावर शंका कोण घेणार?

"अजून गेला नाही तर राग," बाल्दन म्हणाला आणि कुपी अंगरख्यात ठेवली.

हीच कुपी घेऊन त्याचे लोक एकदा नोरोवला मागणी घालायला आले होते. नोरोवचा जीव होता त्याच्यावर. पण देजिदने पाहुण्यांना चहासुद्धा विचारला नाही. "बापाला गिळलं त्या घरात लेक देऊ होय?" एवढंच म्हणाली. नोरोवने आईचं ऐकलं आणि एका दारुड्या ट्रकवाल्याशी संसार केला. कसला संसार, दिवस ढकलले म्हणायचे.

आज मठ पन्नासएक वर्षांनी उघडत होता. आत देवळं उरली होती ती बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सगळं गवत. गेलेल्यांच्या नावाने लोण्याचे दिवे लावायला लोक लांबलांबून आले होते. नोरोवने पूजेसाठी कासंडीभर दूध आणलं होतं. ऐंशीची देजिद भिंतीला टेकून माळ ओढत बसली होती. इथल्या जुन्या खानाच्या मोडक्या राजधानीच्याच विटा या मठाला लागल्यात, असं म्हणतात.

सकाळी निघताना नोरोवची सून दुधाची पळी घेऊन मागे धावली होती. शहरातली पोर, तिला काय कळणार. नोरोवने तिला हसून थांबवलं. "अगं बाई, संध्याकाळी परत येतोय आम्ही. दूध शिंपडतात ते लांब जाणाऱ्याच्या मागे. पोरं पलटणीत जातात, तेव्हा शिंपड. आम्हाला काय कायमचं वाटेला लावतेस?" गाडीत सगळे हसले. देजिद हसली नव्हती, पण तिला अलीकडे ऐकू कमीच यायचं.

म्हाताऱ्या लामाने दिवा पुढे सरकवला. "नाव सांगा. आणि कसे गेले तेही सांगा."

"शाराव," नोरोव म्हणाली. मग बाल्दनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुढे सांगू लागली. "सरकारने मठ मोडला तेव्हा वडिलांनी तारादेवीची मूर्ती आमच्या गोठ्यात पुरली. घरात ठाऊक होतं आणि शेजारी दाशला. मग अंमलदार आले. मूर्तीचं नावसुद्धा काढलं नाही त्यांनी. गोड बोलले. दोन प्रश्न विचारायचेत, शाराव, संध्याकाळच्या धारेला घरी असशील. वडील अर्धा चहा ठेवून उठले. झाकून ठेव, येतोच, म्हणाले. आम्हाला मेलं काय ठाऊक? ते हसत घोड्यावर बसले. आणि माझ्या आईची माया बघा, लामाजी. ती कासंडी घेऊन बाहेर आली, आणि घोडे खिंडीपलीकडे जाईपर्यंत त्यांच्या मागे दूध…"

नोरोव थांबली.

ही आठवण तिने जन्मभर जपली होती. सुनेला सांगितली होती, नातवंडांना सांगितली होती. आज ती सांगताना सकाळचं स्वतःचंच बोलणं तिला आठवलं. लामा काडी धरून वाट पाहत राहिला. ती हळूहळू आईकडे वळली.

"आई, ते तर संध्याकाळी परत येणार होते."

देजिदचा अंगठा माळेवर थांबला. ऐकू नीट आलं होतं.

"सांगितलंस तर गुरं ठेवू म्हणाले," ती म्हणाली. "तू एवढीशी होतीस. खायचं काय होतं आपण?"

"आणि दाश?"

"कोणाचं तरी नाव घ्यावंच लागलं असतं."

नोरोवने दिवा लावला. वडील गेले ते गेले. पण तिचं स्वतःचं आयुष्य, तेही याच बाईने हातोहात विकलं होतं, आणि वर त्या खोट्याची राखण करायला तिलाच बसवलं होतं. मागे बाल्दन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्याकडे बघायचं तिला धाडस झालं नाही.

"मी होते पुढे," देजिद म्हणाली. "थकले. तू संध्याकाळपर्यंत ये."

नोरोवने नेहमीसारखंच तिला उठवलं, काखेत हात घालून जीपमध्ये बसवलं, अंगरखा पायांवर नीट सारला. नोरोवच्या मुलाने गाडी सुरू केली. मग तिने पूजेची कासंडी आणि पळी उचलली, फाटकाबाहेर आली आणि गाडीच्या मागे पळी पळी दूध शिंपडू लागली.

"आई, हे काय गं?" मुलगा खिडकीतून डोकं काढून हसला. "सुनेला अडवलंस सकाळी, आणि आता स्वतःच? घरीच चाललोय आम्ही."

आजीवरची माया असेल, असं त्याला वाटलं. गाडी मठाबाहेरच्या जुन्या दगडी कासवाजवळून पुढे वळली. देजिदने मागच्या काचेतून रस्त्यावरचं दूध पाहिलं, लेकीचं तोंड पाहिलं, आणि माळ पोटाशी धरून मान पुढे वळवली.