धावड्याचं कण्हणं

वनशाळेत त्या दिवशी पोरं गुरुजी झाली होती आणि आईबाप विद्यार्थी. जैनीने झाडांचं दुखणं ऐकवणारं यंत्र आपल्या बापाच्या, लालसूच्या कानात बसवलं आणि त्याची तार धावड्याच्या खोडाला लावली. त्याने डिंकासाठी नेहमीसारखा खोल घाव घातला. झाड थेट त्याच्या कानात कण्हलं. त्याच्या हातून कुऱ्हाडच गळाली.

"तीस वर्षं मी हेच करत आलो गं," तो पुटपुटला.

"बाबा, तेव्हा ऐकू कुठं येत होतं? नखाएवढी खाच पुरते. डिंकही मिळतो."

तिने घावावर शेणमाती लिंपली. "चला, जेवणाची घंटा झाली."

"तू हो पुढं," लालसू खोडावर हात ठेवून म्हणाला. "याला जरा बरं वाटलं की येतो."